अंगावर काढण्याचा हिशेब

माझ्या काकूचं अंग, म्हणजे गर्भपिशवी, बाहेर येत होतं. अकरा वर्षं. जुन्या लुगड्याचा तुकडा धुऊन, घट्ट घडी करून ती आत दाबून धरायची आणि वरून दुसरं फडकं बांधायची. त्याच अवस्थेत तिने खुरपणी केली, पाण्याच्या खेपा केल्या, दोन मुलींची लग्नं केली. एके दिवशी एसटीत रिकामी सीट असूनही ती तासभर उभी राहिली, तेव्हा माझ्या आईला शंका आली. रात्री चुलीपुढे बसून आईने विचारून विचारून ते बाहेर काढलं.

तालुक्याच्या दवाखान्यात तिला घेऊन मी गेले. नुकत्याच रुजू झालेल्या डॉक्टरबाई होत्या. तपासणी झाल्यावर हात धुता धुता त्यांनी विचारलं, "मावशी, इतकी वर्षं अंगावर का काढलंत हो?" त्या रागावल्या नव्हत्या, त्यांना खरंच कळत नव्हतं. काकू टेबलावरून उतरून लुगडं सारखं करत होती. म्हणाली, "पहिल्या साली थोरली दहावीला होती. दुसऱ्या साली विहिरीचं काम काढलं, घरात पैसा नव्हता. मग सासूबाई जाग्यावर पडल्या, त्यांचं सगळं जाग्यावरच करावं लागायचं, त्यात तीन वर्षं गेली. मधी एकदा आले होते बाई मी इथं, तर पुरुष डॉक्टर होते. कंबर दुखती म्हणून सांगितलं आन् गोळ्या घेऊन गेले."

तोवर मला वाटत होतं की काकू लाजरी आहे, भित्री आहे, तिला काही समजत नाही. त्या दिवशी लक्षात आलं की तिने अकरा वर्षांचा चोख हिशेब मांडला होता. एका बाजूला दुखणं आणि दुसऱ्या बाजूला दवाखान्यात जाण्याची किंमत: बुडालेली मजुरी, सोबत येणारं माणूस, घरातल्या आजाऱ्याकडे बघायला कोण, आणि एवढं करून तिथे गेल्यावर ऐकून घेणारं कोणी भेटेल याची शून्य खात्री. दर वर्षी हिशेबाचं उत्तर एकच येत होतं. आपण म्हणतो की बायका दुखणं अंगावर काढतात, आणि तो जणू त्यांच्या स्वभावाचाच भाग आहे असं बोलतो. मला हे मान्य नाही. हे वर्णन बायकांना लावण्यापेक्षा त्यांच्यासाठी उभ्या केलेल्या आरोग्यव्यवस्थेला लावलं पाहिजे.

काकू सरकारी दवाखान्याला परकी नव्हती. तिची तीन बाळंतपणं झाली, नंतर ऑपरेशन झालं. आपल्याकडे नुसतं 'ऑपरेशन' म्हटलं की नसबंदी समजायची, आणि ती बाईचीच समजायची. मुलांचे डोस झाले. नर्सबाईंच्या वहीत तिचं नाव अनेक वर्षं होतं. तिचं वजन झालं, बीपी बघितलं, रक्त तपासलं. पण हे सगळं पोटात मूल असेपर्यंत, फार तर मूल कडेवर असेपर्यंत. ऑपरेशन झालं आणि तिला बोलवायचं कोणाला काही कारणच उरलं नाही. तेव्हा ती अठ्ठावीस वर्षांची होती. पुढची तीस-चाळीस वर्षं जे शरीर तिला वागवायचं होतं, त्याची चौकशी कोणाच्याच कामात बसत नव्हती.

बाळंतपणावर जे काम झालं त्याला मी कमी लेखत नाही. २००५-०६ मध्ये देशात दवाखान्यात होणारी बाळंतपणं शंभरात एकोणचाळीसच्या आसपास होती. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात तो आकडा ८८.६ टक्के झाला, महाराष्ट्रात ९४.७. एक लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यूंचं प्रमाण २००४-०६ मध्ये देशात २५४ होतं, ते २०१८-२० मध्ये ९७ वर आलं. महाराष्ट्रात ते १३० वरून ३३ झालं. या आकड्यांमागे जननी सुरक्षा योजना आहे, १०८ आणि १०२ च्या गाड्या आहेत, आणि रात्री दोन वाजता बाळंतिणीबरोबर गाडीत बसणाऱ्या आशाताई आहेत. पंधरा वर्षांत हे घडू शकलं, कारण ते मोजलं गेलं. प्रत्येक मातामृत्यूची चौकशी व्हायला लागली, जिल्ह्याजिल्ह्याचे आकडे वर मागवले गेले, कामाला पैसे ठरले. म्हणूनच माझा प्रश्न जास्त बोचरा आहे. ज्या यंत्रणेला बाळंतपणात बाई वाचवता येते, तिला त्याच बाईचं अंगावरून जाणं, अंग बाहेर येणं, महिन्याला दहा दिवस होणारा रक्तस्राव का दिसत नाही?

दिसत नाही हे आजचं नाही, आणि कोणी दाखवलं नाही असंही नाही. गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या आणि तो अभ्यास १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. ९२ टक्के बायकांना कोणता ना कोणता स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होता, सरासरीने एका बाईला तीनपेक्षा जास्त. त्याआधी कधी तरी स्त्रीरोगासाठी तपासणी झालेल्या बायका होत्या फक्त ८ टक्के. जगभर त्या आकड्यांची चर्चा झाली, कारण तोवर गरीब देशांतल्या बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंब नियोजन असं सगळेच धरून चालले होते. या अभ्यासाला साडेतीन दशकं उलटली. आजही प्राथमिक आरोग्य केंद्रात पस्तिशीतली बाई गेली तर तिला विचारतात: पाळी कधी आली, मुलं किती, ऑपरेशन झालंय का. झालंय म्हटलं की केसपेपरवर कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या लिहिल्या जातात. पुढचा नंबर.

लोहाच्या गोळ्यांचंच घ्या. २०१९-२१ च्या त्याच राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार १५ ते ४९ वयातल्या ५७ टक्के बायकांचं रक्त कमी आहे. त्याआधीच्या फेरीत, म्हणजे २०१५-१६ मध्ये, ते प्रमाण ५३ टक्के होतं. महाराष्ट्रात ते ४८ वरून ५४ वर गेलं. बोटातून थेंब काढून रक्त मोजण्याच्या पद्धतीवर तज्ज्ञांचे आक्षेप आहेत, ते असूही देत. पण पुरुषांचं रक्तही त्याच पद्धतीने मोजलं होतं आणि त्यांच्यात हे प्रमाण २५ टक्के आलं. मोजण्यातली चूक घरातल्या एकाच माणसाच्या बोटाला लागत नाही. या पंडुरोगाची कारणं सगळ्यांना तोंडपाठ आहेत: बाई शेवटी जेवते, भाजीचा रस्सा उरला तर घेते, जंत असतात, गोळ्यांनी मळमळतं म्हणून ती गोळ्या कणगीच्या मागे ठेवून देते. हे सगळं खरं आहे. पण एक प्रश्न मी फार थोड्या ठिकाणी विचारलेला ऐकला आहे: "पाळीत किती दिवस जातं? किती कपडे बदलावे लागतात? गाठी पडतात का?" एका बाजूने महिन्याला दहा दिवस रक्त वाहून जात असेल तर दुसऱ्या बाजूने लाल गोळी देऊन भांडं भरत नाही. रक्तस्राव कमी करणाऱ्या साध्या, स्वस्त गोळ्या आहेत. काही बायकांना औषध असलेल्या तांबीसारख्या साधनाने आराम पडतो. त्याआधी कोणीतरी तो प्रश्न विचारायला हवा आणि टेबलावर झोपवून एकदा तपासायला हवं.

ते होत नाही, आणि तिथूनच बीडची वाट सुरू होते.

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याच्या बातम्या २०१९ मध्ये देशभर गाजल्या. सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२,३०९ ऊसतोड बायकांचं सर्वेक्षण झालं, त्यात १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. दर सहा बायकांमागे एक. राष्ट्रीय सर्वेक्षणात १५ ते ४९ वयातल्या बायकांमध्ये हेच प्रमाण शंभरात तीनच्या थोडं वर आहे. तेव्हा बहुतेक चर्चा मजूर नेणाऱ्या मुकादमाभोवती फिरली, आणि ती चुकीची नव्हती. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो, हंगामाआधी त्या कोयत्याला उचल दिली जाते, आणि मग एका दिवसाचा खाडा झाला तर पाचशे रुपये किंवा त्याहूनही जास्त कापले जातात, असं या बायकांनी वेळोवेळी सांगितलं आहे. पहाटे चारला उठून फडात जायचं, मोळ्या डोक्यावर वाहून गाडी भरायची, रात्री कोपीत येऊन भाकरी थापायच्या. जवळ ना पाणी, ना संडास, ना आडोसा. अशा ठिकाणी पाळी म्हणजे संकटच. कटकट एकदाची जाऊ दे, असं बाईला वाटलं तर तिला कोण बोलणार?

पण मुकादमाने ऑपरेशन केलं नाही. ते दवाखान्यात झालं. ती तिथे कशी पोचली ते बघितलं पाहिजे. अंगावरून पांढरं जातं, ओटीपोट दुखतं, कंबर दुखते, पाळीत फार जातं, अशा तक्रारी घेऊन ती गेली. सरकारी केंद्रात कोणी तपासलं नाही किंवा तपासणारं माणूसच नव्हतं. खासगीत गेली, सोनोग्राफी झाली, आणि पडद्यावर काहीतरी दाखवून तिला सांगितलं गेलं की पिशवीला सूज आहे, पुढे कॅन्सर होईल. कॅन्सर हा शब्द ऐकल्यावर उचल काढून, सोनं गहाण टाकून ती ऑपरेशनला तयार झाली. राष्ट्रीय सर्वेक्षणही हेच सांगतं की देशात पिशव्या काढण्याची दोन तृतीयांशांहून जास्त ऑपरेशनं खासगी दवाखान्यांत होतात आणि निम्म्याहून जास्त बायका कारण सांगतात ते पाळीतला जास्त रक्तस्राव. तिशीत पिशवीबरोबर अंडाशयही गेलं की अंगातून गरम वाफा, हाडं ठिसूळ होणं, हृदयविकाराचा वाढलेला धोका, हे सगळं वीस वर्षं आधी येऊन उभं राहतं. ज्या कंबरदुखीसाठी ती गेली होती, ती कंबर आता कायमची जाते. आणि ऊस तर तोडायचाच असतो.

ज्या भीतीवर ही ऑपरेशनं झाली ती भीती खोटी नव्हती, म्हणूनच हे जास्त लागतं. भारतात दरवर्षी सव्वा लाखाच्या आसपास बायकांना गर्भाशयमुखाचा कॅन्सर होतो आणि पाऊण लाखाहून जास्त त्यात जातात. पण हा कॅन्सर अचानक येत नाही. आधी कित्येक वर्षं पेशींत बदल होत असतात आणि ते तपासणीत सापडतात. सापडले तर पिशवी न काढता तेवढा भाग जाळून किंवा गोठवून बाई बरी होते. याचा जगातला एक सगळ्यात मोठा पुरावा कुठे तयार झाला? बीडच्या शेजारी. तेव्हाच्या उस्मानाबाद, आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या गावांत बार्शीच्या कॅन्सर रुग्णालयाने १९९९ च्या अखेरीपासून १,३१,७४६ बायकांवर अभ्यास केला. हा कॅन्सर घडवणाऱ्या एचपीव्ही विषाणूची तपासणी आयुष्यात फक्त एकदा केली, तर आठ वर्षांत या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. हा निष्कर्ष २००९ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'ने छापला. मुंबईत टाटा मेमोरियलने झोपडपट्ट्यांतल्या दीड लाख बायकांवर दुसरा अभ्यास केला. त्यात दहावी शिकलेल्या, काही आठवडे प्रशिक्षण घेतलेल्या कार्यकर्त्या ॲसिटिक ॲसिडमध्ये, म्हणजे जवळजवळ व्हिनेगरमध्ये, भिजवलेला कापूस लावून बघायच्या. पांढरा चट्टा उमटला की पुढे पाठवायच्या. बारा वर्षांत मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. मराठवाड्यात व्हिनेगरची चाचणी एकदाच केली तेव्हा इतका फरक दिसला नव्हता, मुंबईत ती दर दोन वर्षांनी केली गेली, हेही सांगायला हवं. आणि या अभ्यासांत तुलनेसाठी ज्या बायका तपासणीविना ठेवल्या होत्या, त्यांच्यातल्या मृत्यूंवरून नंतर जे नैतिक प्रश्न विचारले गेले, ते रास्त होते. मराठवाड्यातल्या आणि मुंबईतल्या गरीब बायकांच्या शरीरांवर ही विद्या उभी राहिली आहे. मग ती आधी त्यांच्याच लेकीसुनांना मिळायला नको?

मिळाली नाही. सरकारने २०१६ मध्येच तिशीपुढच्या प्रत्येक बाईच्या तपासणीची मार्गदर्शक तत्त्वं काढली. तीन-चार वर्षांनंतरच्या सर्वेक्षणात गर्भाशयमुखाची तपासणी कधी तरी झालेल्या ३० ते ४९ वयाच्या बायका निघाल्या १.९ टक्के. स्तनांची तपासणी झालेल्या १ टक्क्याहूनही कमी. जागतिक आरोग्य संघटनेचं उद्दिष्ट ७० टक्क्यांचं आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची एचपीव्हीवरची देशी लस आली याचा आनंदच आहे, ती मुलींना मिळायलाच हवी. पण लस मुख्यतः नऊ ते चौदा वर्षांच्या मुलीसाठी आहे. तिची पस्तिशीची आई लसीच्या पलीकडे गेलेली आहे, तिच्यासाठी तपासणीखेरीज दुसरं काही नाही.

इथे नेहमी एक उत्तर येतं: सोयी केल्या तरी बायका येत नाहीत, लाजतात, आधी जनजागृती करा. हे उत्तर मी सरकारी बैठकांत ऐकलं आहे, चांगल्या मनाच्या डॉक्टरांकडून ऐकलं आहे. मराठवाड्यातल्या त्या गावांत एचपीव्हीची तपासणी देऊ केलेल्या दर दहा बायकांपैकी जवळपास आठ जणी तपासून घ्यायला आल्या. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत हे प्रमाण आणखी जास्त होतं. या त्याच बायका, त्याच लाजऱ्या. फरक एवढाच की तपासणी त्यांच्या वस्तीपर्यंत आली, तपासणारी बाई होती, आणि आधी घरी येऊन कोणीतरी नीट समजावून सांगितलं. लाज असते, नाही असं नाही. पण आडोसा मिळाला की ती बाजूला ठेवता येते. आडोसा द्यायचा नाही आणि लाजेला बोल लावायचा, हा अन्याय आहे.

अंतराचंही तसंच. दिल्लीच्या 'एम्स'मध्ये २०१६ साली ओपीडीत आलेल्या तेवीस लाखांहून जास्त रुग्णांच्या नोंदी संशोधकांनी तपासल्या. एकूण शंभर बायकांमागे १६९ पुरुष आले होते. दिल्लीतूनच आलेल्यांत शंभरामागे १४१, बिहारमधून आलेल्यांत मात्र २३७. दवाखाना जितका लांब तितक्या बायका वाटेत गळतात, कारण लांबचा प्रवास म्हणजे तिकीट, मुक्काम, सोबतीला माणूस. आपल्याकडे मार्च २०२३ पासून बायकांना एसटीचं अर्धं तिकीट झालं. या सवलतीला मतांचं राजकारण म्हणून नाकं मुरडणारे पुष्कळ आहेत. माझ्या मते आरोग्य खात्याच्या कित्येक पत्रकांपेक्षा त्या अर्ध्या तिकिटाने जास्त बायका तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत आणल्या असतील. नवऱ्याकडे पैसे मागताना कारण सांगावं लागतं, आणि ही दुखणी कारण म्हणून सांगता येत नाहीत.

पैशाचा ओघ कुठे वाहतो तेही बघा. आरोग्य विम्याच्या योजना बहुतेक करून भरती झालेल्या रुग्णासाठी पैसे देतात. तपासणीला, ओपीडीतल्या औषधाला, डॉक्टरने पंधरा मिनिटं बसून ऐकण्याला त्यात पैसा नाही. २०१२ च्या सुमारास बिहार आणि छत्तीसगडमध्ये राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेच्या कार्डावर गरज नसताना पिशव्या काढल्याची प्रकरणं उघडकीस आली, ती याच व्यवस्थेतून. आशाताईंचंही तेच. त्यांचा बराचसा मोबदला कामागणिक ठरतो. बाळंतपणाला नेलं, नवजात बाळाला भेट दिली, डोस पूर्ण केले, ऑपरेशनला बाई आणली, याचे पैसे आहेत. पंचेचाळीस वर्षांची बाई चार महिने अंगावरून लाल जातं म्हणत असेल, तिच्याबरोबर तालुक्याला जाण्यात दिवस मोडला, तर तो आशाताईचा स्वतःचा दिवस. तरीही अनेक जणी जातात. मानधनासाठी त्यांना पुन्हा पुन्हा आझाद मैदानावर बसावं लागतं, याची मला नागरिक म्हणून लाज वाटते.

आणि ज्या एका गोष्टीसाठी बाईच्या शरीराकडे सरकारचं लक्ष कायम राहिलं, त्या नसबंदीतही भार तिच्यावरच. देशात कुटुंब नियोजनासाठी ३७.९ टक्के विवाहित बायकांची नसबंदी झालेली आहे, पुरुषांची ०.३ टक्के. पुरुषाची शस्त्रक्रिया सोपी, टाके नसलेली, तासाभरात घरी जाता येणारी. बाईचं पोट उघडावं लागतं किंवा दुर्बीण आत घालावी लागते. नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडच्या बिलासपूर जिल्ह्यात एका शिबिरात काही तासांत ८३ बायकांची ऑपरेशनं उरकली गेली आणि त्यांच्यातल्या दहाहून जास्त जणी दगावल्या. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अशी शिबिरं बंद करायला सांगितली. गरज नसताना पिशवी काढण्याबाबतही २०२३ मध्ये न्यायालयाला राज्यांना आदेश द्यावा लागला. बीडमध्ये तर त्याआधीच खासगी दवाखान्याने जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीशिवाय पिशवी काढायची नाही असा नियम झाला. चांगला नियम आहे. पण परवानगी नाकारलेली बाई त्या दिवशी घरी जाते ती तिची पाळी, तिचं पांढरं जाणं आणि तिची कंबर घेऊनच. तिला पिशवी काढू नको म्हणणाऱ्याने मग काय करू, हेही सांगायला हवं. तिथे आपण गप्प आहोत.

म्हणून माझी मागणी मोठ्या रुग्णालयांची नाही. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून एक दिवस फक्त बायकांची ओपीडी, बाळंतपणाची सोडून. तो दिवस आठवडी बाजाराचा असावा, कारण त्या दिवशी गावोगावच्या बायका तशाही तिथे येतात आणि घरी कारण सांगावं लागत नाही. काकूला मी हे बोलून दाखवलं, तर ती म्हणाली, "बाजाराच्या दिवशी असतं तर पहिल्याच साली आले असते." तपासायला बाई हवी: डॉक्टर नसेल तर नीट शिकवलेली नर्स. तिला अंग बाहेर येणं ओळखता यावं आणि आधाराची रिंग बसवता यावी. ही रिंग अगदी साधी वस्तू आहे, ऑपरेशन नको असलेल्या किंवा झेपत नसलेल्या बाईला ती बरीच वर्षं आधार देते. तिशीपुढच्या प्रत्येकीची गर्भाशयमुखाची तपासणी व्हावी आणि कोणाची राहिली याची यादी तशीच वर जावी, जशी आज राहिलेल्या डोसांची जाते. रक्त कमी आढळलं तर गोळ्यांआधी पाळीचे प्रश्न विचारणं सक्तीचं असावं. पुढे पाठवायचं असेल तर आशाताईला त्या फेरीचे पैसे मिळावेत.

ऊसतोड बायकांसाठी हे त्यांच्या गावात करून भागणार नाही, कारण त्या सहा महिने गावात नसतात. पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जिथे कारखाना असतो तिथल्या केंद्राच्या वहीत त्यांचं नाव नसतं. ते यायला हवं, आणि कारखान्याने महिन्यातला एक दिवस खाडा न कापता त्यांना दवाखान्यासाठी सोडायला हवं. साखरेचा हिशेब टनावर करणाऱ्यांना एवढा एक दिवस जड नाही.

पैसे नाहीत, असं कोणी म्हणेल. गर्भपिशव्यांच्या ऑपरेशनांवर गरीब घरांनी जे पैसे कर्ज काढून घातले, ते कुठल्याच अंदाजपत्रकात मोजलेले नाहीत. काकूच्या अकरा वर्षांची किंमतही कोणी धरत नाही.

आणि त्या ओपीडीच्या खोलीला दार हवं, दाराला आतून कडी हवी. काकूची तपासणी चालू असताना दोनदा दार ढकललं गेलं: एकदा केसपेपर विचारायला, एकदा कुठल्याशा कागदावर डॉक्टरबाईंची सही घ्यायला. दुसऱ्यांदा मी दाराला पाठ लावून उभी राहिले आणि तपासणी होईपर्यंत तशीच उभी होते.